स्नोमोबाइल उन्हाळ्यासाठी उभी करताना

प्रश्न असा आहे: "नोकरीनिमित्त मिनेसोटात दुलूथला आलो. डिसेंबरात २००३ सालची, पंख्यानं थंड होणारी ५५० सीसीची टू-स्ट्रोक स्नोमोबाइल, म्हणजे पुढं स्की आणि मागं रबरी पट्टा असलेली बर्फावरची गाडी, जुन्यात घेतली. दोन कार्ब्युरेटर आहेत, रस्सी ओढूनही चालू होते आणि बटणावरही. हिवाळाभर छान चालली. आता ट्रेल, म्हणजे स्नोमोबाइलचे बर्फातले मार्ग, बंद झाले. शेजारी म्हणतो, ताडपत्री टाक आणि दर महिन्याला पाच मिनिटं चालू कर, बास. एवढं पुरे का?"

पुरे नाही. ताडपत्रीही नको आणि महिन्याची पाच मिनिटंही नकोत, दोन्हींनी गाडीचं नुकसानच होतं. एक शनिवार मोकळा काढा आणि तो याच महिन्यात काढा. 'बघू नोव्हेंबरात' म्हणून सोडलेल्या स्लेड (स्नोमोबाइलला इथं असंच म्हणतात) दरवर्षी नोव्हेंबरात माझ्याकडे येतात. एप्रिलमध्ये ज्याला दोन डबे तेल आणि एक दुपार पुरली असती, ते काम तोवर क्रँकशाफ्टपर्यंत, म्हणजे इंजिनाच्या आतल्या मुख्य दांड्यापर्यंत पोचलेलं असतं.

मी मूळचा कोल्हापूरचा. उद्यमनगरात वडिलांचं गॅरेज होतं, तिथं आरएक्स १०० आणि लूना खोलत हात बसला. गेली १९ वर्षं उत्तर मिनेसोटात स्नोमोबाइल आणि बोटींची इंजिनं दुरुस्त करतोय. टू-स्ट्रोक इथून तिथून एकच. फरक एवढाच, की उद्यमनगरातली गाडी रोज रस्त्यावर असायची आणि इथली वर्षातले आठ महिने नुसती उभी असते. राज्यातले बहुतेक ट्रेल १ डिसेंबर ते १ एप्रिल एवढेच खुले असतात, त्यातही बर्फ पडला तर.

तर मुळात बिघडतं काय, ते आधी समजून घ्या. कारच्या इंजिनाच्या तळाशी चार-पाच लिटर तेल साठलेलं असतं. तुमच्या इंजिनाला तसं पोट नाही. इथं तेल पेट्रोलच्या फवाऱ्याबरोबर आत येतं, क्रँकच्या बेअरिंगांना चाटून वर जातं आणि जळून जातं. इंजिन बंद केलं, की बेअरिंगवर उरतो तो फक्त पातळसा थर, आणि त्यात पेट्रोलही मिसळलेलं. या राज्यात साध्या पेट्रोलमध्ये कायद्यानंच १० टक्के इथेनॉल असतं. आपल्याकडे ते ऊस आणि धान्यापासूनचं, इथं मक्याचं. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना, तसं इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. त्यात तुमचं गाव लेक सुपीरिअरच्या काठावर. जूनमध्ये तळ्यावरून धुकं आलं की गॅरेजमधल्या थंड लोखंडाला अक्षरशः घाम फुटतो. तीच ओल इंजिनात शिरते.

मागं एक क्रँक खोलला होता. गाडी बाहेरून चकाचक, प्लग नवे, मालक नीटनेटका माणूस. आत बेअरिंगातला प्रत्येक रोलर ज्या जागी टेकून राहिला होता, तिथं केसाएवढी तपकिरी रेघ. बोटाला काही जाणवत नव्हतं, नख फिरवलं तर अडकत होतं. अशी रेघ पडलेलं बेअरिंग लगेच मरत नाही. ते पुढच्या हिवाळ्यात, गोठलेल्या तळ्याच्या मध्यावर, पूर्ण वेगात असताना मरतं.

म्हणूनच ती दर महिन्याची पाच मिनिटं नकोत. पाच मिनिटांत इंजिन पुरतं तापत नाही. जळणातून निघालेली वाफ सायलेन्सरमध्ये आणि क्रँककेसमध्ये थंड होऊन पाणी बनते आणि तुम्ही आत सोडलेलं संरक्षक तेल मात्र धुऊन जातं. एकदा उभी केली की थेट हिवाळ्यापर्यंत इंजिनाला हात लावायचा नाही.

आता कामाला लागू. पहिलं पेट्रोल. तुमच्या गाडीत तेलाची टाकी वेगळी आहे, म्हणजे पेट्रोलच्या टाकीत निव्वळ पेट्रोलच आहे. ते साधं १० टक्केवालं असेल तर उपसून कारमध्ये घालून टाका, वाया जात नाही. मग इथेनॉल नसलेलं ९१ ऑक्टेन आणा. पंपावर त्याची नळी वेगळी असते आणि जुन्या संग्राह्य गाड्या, बोटी, स्नोमोबाइल, छोटी इंजिनं यांच्यासाठीच, असं त्यावर लिहिलेलं असतं. डब्यावर दिलेल्या मापानं त्यात स्टॅबिलायझर (पेट्रोल शिळं होऊ न देणारं रसायन) मिसळा आणि टाकी गळ्यापर्यंत नाही पण जवळजवळ भरा. रिकाम्या जागेत हवा असते, हवेत ओल असते. थोडी जागा मात्र ठेवा, उन्हाळ्यात पेट्रोल फुगतं.

इथेनॉलचं पेट्रोलच तसंच राहू दिलं तर काय होतं? असं पेट्रोल लिटरमागं जेमतेम एक चहाचा चमचा पाणी पोटात ठेवू शकतं, आणि गारठा वाढला की तेवढंही नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या थंड रात्री इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन खाली बसतात. नळी पेट्रोल ओढते ते टाकीच्या तळातूनच. भारतात हल्ली २० टक्क्यांच्या पेट्रोलवरून वाद चालू असतात, पण रोज चालणाऱ्या गाडीत हे पेट्रोल साठून राहत नाही. इथं ते आठ महिने साठून राहतं, हा खरा प्रश्न आहे.

स्टॅबिलायझर घातल्यावर गाडी गॅरेजच्या बाहेर काढा आणि दहा मिनिटं चालवा, म्हणजे ते पेट्रोल कार्ब्युरेटरपर्यंत पोचेल. बाहेर म्हणजे खरोखर बाहेर. शटर उघडून आत चालवणं म्हणजे बाहेर नव्हे. पुढच्या पायरीत एवढा धूर होतो की बंदिस्त जागेत कार्बन मोनॉक्साइडनं माणूस आडवा होईल.

ती पायरी म्हणजे फॉगिंग. फॉगिंग ऑइलचा फवाऱ्याचा डबा मिळतो, चिकट तेल असतं. हवेचा डबा काढून दोन्ही कार्ब्युरेटरांची तोंडं उघडी करा. इंजिन आयडलच्या जरा वर ठेवा, बेल्ट धरणार नाही एवढ्याच वेगावर. हवेचा डबा नसताना मिश्रण पातळ होतं, म्हणजे त्यात हवा जास्त आणि पेट्रोल कमी, म्हणून जोरात रेस देऊ नका. एकदा या तोंडात, एकदा त्या तोंडात, असे फवारे मारत राहा. इंजिन अडखळेल, मागून पांढराशुभ्र धूर निघेल. घाबरू नका, तेच हवंय. अर्धा-एक मिनिट तसं चालू द्या आणि मरायला आलं की बंद करा.

मग प्लग काढा. प्रत्येक सिलिंडरमध्ये एक चहाचा चमचा टू-स्ट्रोक तेल सोडा, जास्त नको. जास्त तेल पिस्टनच्या डोक्यावर साठलं आणि हिवाळ्यात जोरात रस्सी ओढली तर कनेक्टिंग रॉड वाकतो, कारण तेल दाबलं जात नाही. आता रस्सी सावकाश पाच-सहा वेळा ओढा. त्याआधी इंजिन बंद करायचं लाल बटण दाबून ठेवा आणि प्लगच्या टोप्या प्लगसकट इंजिनाच्या धातूला टेकवा. लोंबत्या टोपीनं इंजिन फिरवलं तर ठिणगीला वाट मिळत नाही आणि इग्निशनचा डबा जळू शकतो. ओढता ओढता सिलिंडरच्या आत तेलाचा थर फिरतोय, असं डोळ्यांपुढं आणा. मग जुनेच प्लग परत हातानं घट्ट बसवा, नवे आत्ता नकोत.

(पुढे कधी नवी गाडी घेतलीत तर हे काम बदलेल. स्की-डू या ब्रँडच्या ई-टेक इंजिनांत उन्हाळ्याची तयारी हा एक मोडच असतो. बटणांचा क्रम दाबला की इंजिन स्वतःच तेल ओढून घेतं आणि आपोआप बंद पडतं. फोर-स्ट्रोक असेल तर इंजिनाचं तेल आत्ताच बदलायचं, हिवाळ्यात नाही, कारण वापरलेल्या तेलातलं आम्ल उन्हाळाभर धातू खात बसतं.)

कार्ब्युरेटर रिकामे करायचे की भरलेले ठेवायचे, यावर माझ्या धंद्यातही दोन मतं आहेत. मी रिकामे करतो. कार्ब्युरेटरच्या तळाशी पेट्रोल साठणारी फ्लोटची वाटी असते, तिच्याखालचा स्क्रू सोडा, पेट्रोल एका काचेच्या भांड्यात घ्या आणि उजेडाकडे धरून बघा. तळाशी पाण्याचा थेंब पाऱ्यासारखा वेगळा पळताना दिसला, तर टाकीपासून सगळं साफ करावं लागेल. मग वाटी उघडून पायलट जेटही काढा, इंजिन संथ चालताना पेट्रोल मोजून देतं ते. तांदळाच्या दाण्याएवढं पितळी जेट असतं. चिमटीत धरून खिडकीकडे करा. मधोमध सुईच्या टोकाएवढा गोल उजेड दिसला पाहिजे. कड खडबडीत दिसली किंवा उजेड अर्धाच आला, तर कार्ब्युरेटर क्लीनरमध्ये भिजवा आणि दाबाच्या हवेनं फुंका. तार घालू नका. तारेनं भोक मोठं होतं, आणि मग त्या सिलिंडरचं माप कायमचं बिघडतं.

जेटपाशी मी एवढा थांबलो, त्याला कारण आहे. इथं आल्यावर दुसऱ्याच वर्षी माझी स्वतःची स्लेड मी अशीच ताडपत्रीखाली सोडली होती. डिसेंबरात दुसऱ्या ओढीला चालू झाली. मला वाटलं, चला, काही झालेलं नाही. जंगलात दहा किलोमीटर आत गेल्यावर इंजिन एकदम आवळलं गेलं आणि गाडीखालचा रबरी पट्टा जागच्या जागी थांबला. एका कार्ब्युरेटरचं मुख्य जेट, म्हणजे जोरात चालवताना पेट्रोल देणारं, वाळलेल्या पेट्रोलच्या पापुद्र्यानं अर्धवट बुजलं होतं. त्या बाजूला मिश्रण पातळ झालं, पिस्टन तापला आणि सायलेन्सरकडच्या बाजूनं त्याचं ॲल्युमिनियम सिलिंडरला फासलं गेलं. उणे २४ अंशांत चालत परत आलो. सोबत मित्र नसता तर काय झालं असतं, हा विचार अजून येतो. या प्रदेशात बंद पडलेली गाडी ही नुसती खर्चाची गोष्ट नसते.

इंजिनाचं झालं. आता बेल्ट आणि क्लच. हे तुम्हाला सोपं जाईल, कारण ॲक्टिव्हाचं बेल्ट-व्हेरिएटर आणि हे, तत्त्व तेच. दोन पुल्या, त्यांच्या थाळ्या जवळ-लांब होतात आणि बेल्ट वर-खाली सरकतो. उन्हाळ्यात बेल्ट काढून ठेवा. थाळी आणि बेल्ट जिथं चिकटून असतात तिथं ओल अडकते आणि थाळीवर गंजाचा पट्टा उठतो. तोच पट्टा पुढच्या हिवाळ्यात कानशीसारखा बेल्ट झिजवतो. थाळ्या ॲसिटोनच्या फडक्यानं पुसा, डाग असेल तर घासणीच्या हिरव्या पॅडनं हलकेच घासा. तेल, ग्रीस, डब्ल्यूडी-४०, काहीही तिथं लागू देऊ नका. बेल्टवरची अक्षरं कुठल्या बाजूनं वाचता येत होती ते लक्षात ठेवा, बसवताना त्याच दिशेनं बसवायचा. कडा चरचरीत झाल्या असतील, काचेसारखी चमक आली असेल किंवा आतल्या दात्यांच्या खोबणीत चीर दिसली, तर तो सुटा बेल्ट म्हणून हुडाखाली ठेवा आणि नवा घ्या. बेल्ट नसताना इंजिन कधीही चालू करू नका. भार नसलेला पुढचा क्लच बेफाम फिरतो आणि फुटू शकतो.

धुणं याच्या आधी की नंतर, असं विचाराल. इंजिनाचं काम सुरू करण्याआधीच धुऊन वाळवा. गाडी ट्रेलरवरून हायवेनं आणत असाल तर रस्त्यावर टाकलेलं मीठ तिच्या पोटाला चिकटलेलं असतं. बोगद्यासारखा जो ॲल्युमिनियमचा भाग पट्ट्याच्या वर असतो, त्याचे रिव्हेट आणि सायलेन्सरच्या स्प्रिंगा त्या मिठानं गळतात. साबणाचं पाणी, मऊ ब्रश, साधा पाइप. दाबाचं पाणी बेअरिंगवर मारू नका, सीलच्या आत पाणी जातं आणि बाहेर येत नाही.

धुतल्यावर ग्रीस. हे काम लोक सर्वांत जास्त टाळतात आणि मला सर्वांत जास्त आवडतं. मागच्या सस्पेन्शनच्या आडव्या दांड्यांवर आणि पुढच्या स्कीच्या खुंट्यांवर ग्रीसचे निपल असतात. गाडीबरोबरच्या पुस्तकात त्यांचा नकाशा असतो. पुस्तक नसेल तर टॉर्च घेऊन आडवे व्हा आणि शोधा, एखादं हमखास पट्ट्याच्या आड लपलेलं असतं. गन लावून दाबत राहा. आधी चहाच्या रंगाचं, दुधाळ, पाणी मिसळलेलं ग्रीस कडेनं बाहेर येईल. तेच आत राहिलं असतं तर दांडी गंजून नळीत जाम झाली असती, आणि मग ती हातोडा आणि गॅसच्या ज्योतीशिवाय निघत नाही. स्वच्छ, नव्या रंगाचं ग्रीस दिसेपर्यंत थांबू नका.

गाडीचा मागचा भाग स्टँडवर उचलून ठेवा, पट्टा जमिनीपासून वर. मग मागची छोटी चाकं एकेक करून हातानं फिरवा आणि कान लावा. चांगलं चाक गुपचूप फिरतं. खर्र असा आवाज आला किंवा बोटांना वाळू दळल्यासारखं लागलं, की बेअरिंग गेलं. बऱ्याच गाड्यांत ते ६२०५ नंबरचंच असतं, आपल्याकडे मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात टांगलेलं असतं तेच. आत्ता बदलणं स्वस्त, ट्रेलवर चाक अडकलं तर पट्टाच फाडतं. पट्टा ज्यांवरून सरकतो त्या रुळांखालच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या बघा. बाजूला कोरलेली झिजेची रेघ आली असेल तर त्या बदला. पट्ट्याचा ताण सैल करा, उन्हाळाभर त्याला ताणून ठेवण्यात काही अर्थ नाही. आणि महिन्यातून एकदा हातानं पट्टा थोडा फिरवा, एवढं मात्र शेजाऱ्याच्या 'महिन्याला एकदा'तलं घ्या.

चेनकेसचं, म्हणजे पट्टा फिरवणाऱ्या साखळीच्या डब्याचं, तेल काढून नवं भरा. त्यातल्या मॅग्नेटवर राखाडी मऊ लुगदी असणं ठीक, चकचकीत कण बोटाला टोचले तर दाते खाल्ले जातायत. ब्रेक ऑइल दोन वर्षांत बदललेलं नसेल तर बदला, तेही ओल पितं. कूलंटचा प्रश्न तुम्हाला नाही, पंख्याची गाडी आहे. पण पंख्याचा बेल्ट बोटानं दाबून बघा. तो तुटला की काही मिनिटांत इंजिन संपतं.

बॅटरी काढून घरात आणा, पूर्ण चार्ज करा आणि देखभालीच्या छोट्या चार्जरवर ठेवा. चार्ज करून काही तास विसावलेली बॅटरी साधारण १२.७ व्होल्ट दाखवते, १२.४ च्या खाली गेली की परत चार्ज. सिमेंटच्या फरशीवर ठेवल्यानं बॅटरी उतरते, असं वडीलही म्हणायचे. ते जुन्या कवचाच्या बॅटऱ्यांपुरतं खरं होतं, आताच्या प्लॅस्टिकच्या कवचाला फरशीचं काही नाही.

आणि उंदीर. हे मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण सगळं नीट करूनही इथं हरलेले लोक मी पाहिलेत. एका गाडीचा हवेचा डबा उघडला तर आत सीटचा पिवळा फोम, वायरींचं सोललेलं प्लॅस्टिक आणि कुठल्याशा स्वेटरची लोकर, असं सगळं वाटीसारखं विणलेलं घरटं होतं. इंजिन चालू केलं असतं तर ते सगळं सिलिंडरमध्ये ओढलं गेलं असतं. म्हणून सायलेन्सरच्या तोंडात आणि हवेच्या भोकांत स्टीलच्या तारेचे बोळे घट्ट कोंबा. कापडाचा बोळा नको, ते त्यांना आयतं अंथरूण होतं. कपड्यांच्या ड्रायरमधले सुगंधी कागद, पुदिन्याचं तेल, डांबराच्या गोळ्या असं लोक बरंच ठेवतात. माझा त्यावर भरवसा नाही, दोन आठवड्यांत वास उडतो. साधे चाप लावा, पक्ष्यांच्या दाण्यांचं पोतं त्या गॅरेजमध्ये ठेवू नका आणि महिन्याला पट्टा फिरवायला जाल तेव्हा हुड उघडून नाक आत घाला. उंदराचा वास लपत नाही. घरटं सापडलं तर कोरडं झाडू नका. मास्क आणि हातमोजे घाला, ब्लीचच्या पाण्यानं भिजवा आणि मग उचला.

आता ताडपत्री. तिच्याखाली रात्री ओल धरते आणि सकाळी उन्हात शिजते. श्वास घेणारं कापडी कव्हर घ्या, नाही तर जुनी सुती चादरही चालते. गॅरेज असेल तर उत्तम. नसेल आणि बाहेरच ठेवायची असेल, तर गवतावर नको, लाकडी पॅलेटवर ठेवा. वर ताडपत्री टाकावीच लागली तर फळ्यांवर उंच ताणा, दोन्ही बाजूंनी वारा जायला वाट ठेवा. ताडपत्री गाडीला टेकता कामा नये.

वीस-बावीस वर्षांची गाडी आहे म्हणून एवढी खटपट कशाला, असं मनात येईल. या गाड्यांचं हे माहेर आहे. १९५४ साली याच राज्यात रोझो गावी पोलारिस ही स्नोमोबाइल बनवणारी कंपनी सुरू झाली. तिच्या संस्थापकांपैकी एडगर हेटीन पुढे वेगळे झाले आणि त्यांनी थीफ रिव्हर फॉल्सला जी कंपनी काढली, तीच आर्क्टिक कॅट. जुन्या गाड्यांचे सुटे भाग आजही इथं गावोगावच्या भंगारवाल्यांकडे मिळतात. पंख्याचं साधं टू-स्ट्रोक इंजिन नीट सांभाळलं तर तुमच्या मुलांनाही चालवता येईल.

हिवाळ्यात चालू करताना क्रम असा: तारेचे बोळे बाहेर, हवेचा डबा तपासून, बॅटरी आणि बेल्ट जागेवर, पट्ट्याचा ताण पुस्तकातल्या मापावर. मग इंजिन बंद असतानाच थ्रॉटल अंगठ्यानं दाबून सोडा. टक्कन परत आला पाहिजे. ओलीनं केबल जड झाली असेल आणि थ्रॉटल उघडा अडकला, तर चालू होताच गाडी सुटते. लाल बटण आणि अंगावर लावायची दोरी, दोन्हींनी इंजिन बंद पडतं ना, ते चालू झाल्या झाल्या बघा. जुन्या प्लगवरच चालू करा, पाच-दहा मिनिटं भरपूर धूर होईल, तो फॉगिंगच्या तेलाचा. धूर विरळ झाला की नवे प्लग घाला. जुने त्या तेलात काळे होऊनच निघतात, म्हणून आत्ता नवे घालू नका म्हटलं.

शेवटचं काम आजच करा. मास्किंग टेपचा हातभर तुकडा हुडाच्या आत चिकटवा आणि जाड पेननं लिहा: बेल्ट काढलाय, सायलेन्सरमध्ये बोळा आहे, वाट्या रिकाम्या, पट्टा सैल, पेट्रोल कुठलं आणि कुठल्या तारखेचं. तारखेच्या खाली जागा सोडा, पुढच्या एप्रिलची तारीख तिथंच लिहायची आहे. हँडलला एक लाल चिंधी बांधा. आठ महिन्यांनी पहिला बर्फ पडेल त्या सकाळी घाईत असाल, तेव्हा रस्सीला हात घालण्याआधी ती चिंधी दिसली पाहिजे.